तांबडा पटका, पांढरा रुमाल

आमच्या आप्पांना दोन डोकी आहेत असं कळंबच्या बाजारात म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. एक तांबड्या पटक्याचं, एक पांढऱ्या रुमालाचं. पटका बांधला की ते इरम्मांच्या गाळ्यांचे कारभारी कल्याणप्पा. रुमाल बांधला की नुसता कल्याण, अख्ख्या बाजाराचा मैतर. एकाच दिवशी, एकाच दारात, एकाच माणसाशी ते दोन्ही डोक्यांनी बोलून यायचे, आणि घरी आल्यावर दोन्ही दुखतायत म्हणून आईकडून तेल चोळून घ्यायचे.

हे सगळं माझ्या जन्माआधीचं, निजामाच्या राज्यातलं. पण आमच्या घरात ते इतक्या वेळा सांगून झालंय की तेव्हा मी नव्हते हे मला अजून पटत नाही. आई सांगायची, आप्पा मध्येच दुरुस्ती करायचे, आणि बलभीमकाका दोघांनाही खोटं पाडायचे. तिघांच्या भांडणातून जे उरलं ते मी सांगते. कमीजास्त झालं तर माझ्या नावावर खपवा. महानंदा म्हणतात मला, आणि मी कुणाला भीत नाही.

तर कळंबच्या पेठेत इरम्मांची एक लांबलचक ओळ होती. पुढं रस्त्यावर गाळे, मागं राहायच्या खोल्या, आणि वर सगळ्यांना मिळून एकच मातीचं माळवद. इरम्मा आप्पांच्या लांबच्या नात्यातल्या. नवरा गेल्यावर त्या भावाकडं बार्शीला राहायला गेल्या, आणि बार्शी पडली इंग्रजांच्या हद्दीत. मालकीण एका राज्यात, मालमत्ता दुसऱ्या राज्यात. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर खाली कुणीतरी काठी घेऊन उभा पाहिजे, म्हणून त्यांनी आप्पांना नेमलं. किरायदार ठेवायचे, किराया गोळा करायचा, उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती टाकून घ्यायची, आणि वर्षातून एकदा पाडव्याला इरम्मा बैलांच्या दमणीतून आल्या की जमलेलं त्यांच्या पदरात घालायचं. त्याबदली थोडा पगार आणि राहायला ओळीच्या टोकाची एक खोली, हिचं तोंड मात्र रस्त्याकडं.

काम सोपं होतं. फक्त ते आप्पांना दिलं होतं.

आप्पांना अनोळखी माणूस सोसायचाच नाही. कुणी खोली बघायला आला की आप्पा आधी त्याचं गाव विचारत, मग गावातली एखादी ओळख खणून काढत, आणि ओळख निघाली की त्याला पानावर बसवत. जेवण उरकेपर्यंत तो जिवाभावाचा झालेला असायचा. मग जिवाभावाच्या माणसाला "किराया किती देणार?" असं विचारायचं कुठल्या तोंडानं? बांगड्या भरणारी सिताबाई खोली मागायला आली ती दिवाळीत. आप्पांनी तिला बहीण मानलं आणि भाऊबीजेला ओवाळून घेतलं. आता बहिणीकडून किराया कोण घेतो? उलट दरवर्षी ओवाळणी पडायला लागली.

पहिल्या पाडव्याला इरम्मा आल्या तेव्हा आप्पांकडं द्यायला पैसे थोडे आणि सांगायला गोष्टी पुष्कळ होत्या. कुणाच्या लेकीचं जमलं, कुणाची म्हैस आटली, कुणाचा सासरा कसा तऱ्हेवाईक. इरम्मांनी सगळं ऐकून घेतलं. बाई उंचीनं बेताची, पण कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून बसली की समोरच्याची मान आपोआप खाली जायची.

"कल्याणप्पा," त्या म्हणाल्या, "गाळे म्या किरायानं दिलेत का आंदण दिलेत? पुढल्या पाडव्याला असंच झालं तर कारभार दुसऱ्याकडं."

त्या गेल्यावर आईनं तोंड उघडलं. आमची आई, चन्नम्मा, आळंदकडची. एरवी मराठी बोलायची, पण राग आला की सुरुवात कानडीतून.

"अय्यो शिवने! भीड म्हंजी भिकेची बहीण. अन तुमी तर दोघींनाबी घरात आणून बशिवलंय!"

मग तिनं ट्रंकेतून लग्नातला तांबडा पटका काढला आणि आप्पांच्या मांडीवर टाकला. "ह्यो डोक्यावर असंल तवर तुमी कारभारी. कुणाचा भाऊ न्हाय, कुणाचा मैतर न्हाय, कुणाच्या घरचं पाणीसुदिक न्हाय. काम झालं की पांढरा रुमाल बांधा अन मग गळ्यात गळं घाला. उघड्या डोक्यानं मातर फिरू नगा, लोकांला वाटंल घरात कुणीतरी गेलं."

आप्पांना ही युक्ती इतकी आवडली की त्या दिवशी त्यांनी आरशासमोर उभं राहून दोन्ही बांधून पाहिले. पटक्यात भुवया वर, रुमालात भुवया खाली. आईला हसू आवरेना.

युक्तीची खरी परीक्षा होती कोपऱ्यावरच्या गाळ्यात. तिथं बलभीमकाकांचं हाटेल. आप्पा आणि काका एका तालमीत वाढलेले, एकमेकांना चीत करकरून दोस्ती झालेली. एक लिंगायत, एक मराठा. एकाचं घर पेठेत, दुसऱ्याचं गावाबाहेर वस्तीवर. पण दिवसातून एकदा भेट झाली नाही की दोघांनाही अन्न गोड लागायचं नाही. काकांनी शेतातला आपला वाटा भावांना देऊन टाकला आणि त्या कोपऱ्यावर स्वतःच्या हातानं भट्टी घातली. दोन रस्ते तिथं मिळायचे, बाजाराच्या दिवशी सगळ्या गाड्या तिथंच थांबायच्या, आणि काकांची कांदाभजी खाल्ल्याशिवाय बैलसुद्धा पुढं जात नाहीत असं काका स्वतः सांगायचे. काकांच्या घरची चूल त्या भट्टीच्या जिवावर पेटायची.

महिना भरला की आप्पा पटका बांधून काकांच्या दारात उभे.

"बलभीमराव, महिना भरला."

"या कारभारी, बसा. च्या घेता?"

"कामावर असताना आमी च्या घेत न्हाय."

"मग काय घेता?"

"किराया."

"तेवढं सोडून मागा की."

आप्पा भुवया आणखी वर चढवायचे, दोन कडक शब्द बोलायचे आणि निघायचे. लिंबाच्या झाडाआड जाऊन पिशवीतला रुमाल काढायचे, पटका पिशवीत कोंबायचे आणि आल्या पावली परत.

"बल्या, च्या टाक. लई डोकं उठलंय."

"यि रं कल्याण! आत्ताच तो कारभारी यिऊन गेला बघ. लई खवीस माणूस. च्याबी घेत न्हाय."

"त्याच्या तोंडी लागू नगंस. पर एक सांगू? दिऊन टाक त्याचा किराया. त्याला तिकडं बार्शीला जाब द्यावा लागतो, घरात बायको बोलती. बेजार झालाय बिचारा."

"तुला लई पुळका रं त्याचा!"

"शेजारी ऱ्हातो न्हव माझ्या."

हाटेलात बसलेली माणसं चहाच्या बशा हातात धरून गदागदा हलायची. पण हे दोघे हसायचे नाहीत. दोघांनीही ते नाटक अगदी इमानदारीनं केलं. एकदा काकांकडं खरंच पैसे नव्हते, तेव्हा रुमालवाल्या कल्याणनं त्यांना उसने दिले, झाडाआड जाऊन पटका बांधला, आणि तेच पैसे कारभारी म्हणून वसूल केले. घरी येऊन मोठ्या ऐटीत आईला सांगितलं की बलभीमचा किराया आला. कुठून आला हे कळल्यावर आई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हसत राहिली. आप्पांना कळेना, वसुली झाल्यावर एवढं हसण्यासारखं काय आहे.

तरी युक्ती लागू पडली, हे कबूल केलं पाहिजे. बाजारात लोक रामराम करायच्या आधी आप्पांचं डोकं बघायला लागले. तांबडं दिसलं की सिताबाई आतून कडी लावून ओरडायची, "बाई घरात न्हाय!" पण तीही शेवटी दाराच्या फटीतून पैसे सरकवायची. कारण काकांचं दार सोडलं तर पटका कामाशिवाय कुठून हलायचा नाही, आणि पटका गेल्याशिवाय रुमाल यायचा नाही. कल्याण लवकर यावा म्हणून लोक कारभाऱ्याला पैसे द्यायचे. इरम्मा पाडव्याला खूश होऊन जायच्या, जाताना हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर लोणच्याच्या बरणीवरून नाकेदाराशी भांडायच्या, आणि वर्ष पुढं सरकायचं.

मग लढाईचे दिवस आले. लढाई कुठं तिकडं समुद्रापार, पण धान्याचा भाव चढला तो कळंबात. आडत्यांच्या अंगावर एकाएकी तेज आलं. वीरप्पा आडत्यानं बार्शीला जाऊन इरम्मांना गाठलं आणि कोपऱ्याच्या गाळ्याचा दुप्पट किराया बोलून आला. त्या फाल्गुनात घोंगड्या विकायला बार्शीला गेलेला बिरू परतला तो इरम्मांचा निरोप घेऊन.

"अव्वा म्हणल्या, पाडव्यापतूर कोपऱ्याचा गाळा खाली करून किल्ली माझ्या हातात दे. वीरप्पाला शब्द दिलाय. अन तुला जमत न्हाय तर तुझी खोली खाली कर, दुसरा कारभारी तयार हाय." एवढं सांगून बिरूनं घोंगडी खांद्यावर टाकली. "मला काय म्हणू नगा आप्पा. म्या निरोप्या."

इकडं आड तिकडं विहीर म्हणतात ती ही. सांगावं तर बलभीमची भट्टी विझणार. न सांगावं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर डोक्यावरचं माळवदही. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. आईनं एकदाच विचारलं, आणि ऐकल्यावर तिनंही आपलं ताट झाकून ठेवलं. पाडवा अगदी तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी आप्पा पटका बांधून निघाले. तालमीत बिनीच्या पैलवानाला भिडायला जावं तसे गेले. काकांच्या दारात उभे राहिले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "बलभीमराव, औंदा माळवदावर माती जरा जास्त टाकू. तुमच्याकडं गळतंय का?"

काका बघतच राहिले. कारभाऱ्यानं असं आपुलकीनं कधी विचारलं नव्हतं.

परत गेले तेव्हा कारभाऱ्यानं भज्यांची तारीफ केली. त्यानंतर कारभारी चक्क चहा प्याला. आणि रुमाल बांधून आलेला कल्याण मात्र तोंड पाडून बसायचा, साध्या बोलण्यावर खेकसायचा, चहा अर्धा टाकून उठायचा. काकांनी एकदा सिताबाईला बोलून दाखवलं, "काय कळंना बया. कारभारी लोण्यावानी झालाय, अन मैतर कारल्यावानी."

रंगपंचमीला आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. काकांच्या भट्टीवर सकाळपासून भज्यांच्या कढईऐवजी मोठं पातेलं चढलेलं, त्यात पळसाची फुलं रटरटत होती. अख्खी पेठ कोपऱ्यावर जमली. तहसिलीतले कारकूनसुद्धा रुमी टोप्या घरी ठेवून आले होते. सिताबाईनं लुगड्याचा काचा मारून बिरूला त्याच्याच घोंगडीत गुंडाळून भिजवला होता. हलगी वाजत होती, कोण कुणाला रंगवतंय पत्ता नव्हता. आप्पा पांढरा रुमाल बांधून आले, कडेकडेनं आले, पण लोकांनी सोडायला नको का? पहिली घागर सिताबाईची, दुसरी बिरूची. एका घटकेत आप्पांच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल तांबडालाल झाला.

काकांनी ते पाहिलं आणि हातातली भरली घागर तशीच धरून आरोळी ठोकली, "अरारारा! गडबड झाली! मैतर गेला अन कारभारी आला! बोला कारभारी, काय हुकूम?"

हलगी थांबली. सगळे आप्पांकडं बघायला लागले. आप्पा रंगात निथळत उभे. आप्पा नेहमी सांगायचे की त्या क्षणी त्यांना खरंच कळेना आपल्या डोक्यावर काय आहे. आणि मग पोटात आठवडाभर दाबून ठेवलेलं एकदम तोंडातून बाहेर पडलं.

"बलभीमराव, पाडव्यापतूर गाळा खाली करा."

 मग काका हसले. असे हसले, असे हसले, की घागर हिंदकळून त्यांच्याच पायावर सांडली. त्यांच्यामागं अख्खी पेठ हसली. सिताबाई हसता हसता चिखलात बसली. "करतो की!" काका ओरडले. "पाडव्यापतूर कशाला, उद्याच करतो! वाजिव रं हलगी!" आणि उरलेली घागर त्यांनी आप्पांच्या अंगावर ओतली. आप्पा डोळे चोळत होते. "रंग गेला डोळ्यात," म्हणाले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

"हसला."

"अन बाकीचे?"

"तेबी हसले. हलगी वाजली."

आईनं कपाळाला हात लावला. खरं बोलून झालं होतं, आणि ऐकलं कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तर कहरच झाला. पेठेतून जाणारा येणारा हाटेलात डोकावून ओरडायला लागला, "बलभीमराव, गाळा खाली करा!" आणि काका आतून, "करतो, करतो, एवढा घाणा निघू द्या!" मशिदीकडून परतणारे, देवळाकडून परतणारे, गिऱ्हाईक, गाडीवान, सगळ्यांना तो एकच खेळ. आप्पा घरात बसून ऐकायचे आणि दर हाकेला अंग चोरायचे. पुन्हा जाऊन सांगायचं तर कोणत्या डोक्यानं? पटका बांधला तरी लोक हसत होते, रुमाल बांधला तरी हसत होते. आईनं तो रुमाल रिठ्यानं घासघासून धुतला, पण पळसाचा रंग जाईना. तो ना तांबडा ना पांढरा, भगवट होऊन बसला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आप्पा आईला म्हणाले, "मला एक सांगायचंय. रागवू नगंस."

"सांगू नगा," आई म्हणाली. "भांडी बांधून झाल्यात. आळंदला भावाला निरोप धाडलाय. तेवढी गुढी उभारायला काठी बाहीर ठिवली." आप्पांनी आत जाऊन पाहिलं तर खरंच, अख्खा संसार दोन पोत्यांत बसला होता.

पाडव्याला इरम्मांची दमणी कोपऱ्यावर थांबली. दारोदारी गुढ्या, कडुलिंबाचे डहाळे, आणि हाटेलासमोर नेहमीची गर्दी. इरम्मा उतरल्या, विभूतीचे पट्टे तसेच कडक. आप्पा तो भगवट रुमाल बांधून पुढं झाले आणि पाया पडले. गर्दीतून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "बलभीमराव, गाळा खाली करा!"

लोक हसले. इरम्मा हसल्या नाहीत.

"का? अजून केला न्हाय?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठं पेठेला कळलं की ही थट्टा नव्हती. हसणारी तोंडं उघडीच राहिली. सिताबाईच्या हातातली कडुलिंबाची गोळी खाली पडली. आप्पांनी कमरेची किल्ली सोडवली आणि इरम्मांच्या पुढं धरली.

"अव्वा, ही घ्या किल्ली. माझ्या खोलीची हाय. म्या खोली खाली केली. कोपऱ्याचा गाळा माझ्या हातनं खाली व्हायचा न्हाय. दुसरा कारभारी बघा."

पण त्याच वेळी हाटेलाच्या दारातून बलभीमकाका बाहेर आले. अंगात धुतलेला सदरा, हातात किल्ली.

"अन ही घ्या कोपऱ्याची," ते म्हणाले. "झाडून, सारवून ठिवलाय. भट्टी काल रातच्याला फोडली. बघून घ्या."

आप्पा वळले. हाटेल आतून मोकळं होतं. ना कढई, ना बाकडं, भट्टीच्या जागी ओलं सारवण. सणामुळं हाटेल उघडायला उशीर झालाय असं समजून कुणी आत बघितलंच नव्हतं.

"बल्या," आप्पा म्हणाले, "तुला ठावं हुतं?"

"रंगपंचमीपसनं. तू म्हणलास रंग डोळ्यात गेला. आरं, तवर तुझं डोळं कोरडं हुतं का? म्या घागर वतायच्या आधीच भरलं हुतं ते. मग म्या हसलो. म्या हसलो न्हसतो तर तू तिथंच पेठंत हुंदकं दिऊन रडला आसतास. तालमीत कवा रडला न्हाईस अन तिथं रडणार हुतास व्हय?"

इरम्मांच्या एका हातात एक किल्ली, दुसऱ्या हातात दुसरी. त्या एकदा आप्पांकडं बघत, एकदा काकांकडं. त्यांना गाळा मिळाला होता आणि कारभारी गेला होता. नव्या कारभाऱ्याची त्यांनी नुसती धमकी दिलेली, तसा कुणी नव्हताच. वीरप्पा आडत्या गर्दीच्या कडेला ओठ चावत उभा होता.

"तू," इरम्मा काकांना म्हणाल्या, "तुला खाली करा म्हणलं, अन तू केलास?"

"केला. तुमची जागा, तुमचा शब्द. मला वाईट वाटलं, ते येगळं."

"भांडला न्हाईस?"

"कुणाशी भांडू? तुमी बार्शीला, अन हितं ह्यो."

इरम्मांनी आप्पांकडं असं पाहिलं की आप्पांनी रुमाल सावरला. "इतक्या वर्सांत माझ्या शब्दापरमानं वागणारा एकच गडी निघाला," त्या म्हणाल्या, "अन तो किरायदार! आजपसनं कारभार तू बघायचा, बलभीम. ही खोलीची किल्ली तुझ्याकडं. तिथं कुणाला ठिवायचं ते तू ठरिव."

पेठेत असा गलका उठला की दमणीचे बैल बुजले. काका म्हणाले, "ठरिवलं. कल्याणला ठिवतो. किरायानं." आणि किल्ली आप्पांच्या हातात परत दिली. सिताबाईनं तिथल्या तिथं आप्पांना, काकांना आणि घाबरलेल्या गाडीवानालाही ओवाळलं. आई आत गेली आणि हसत, डोळे पुसत दोन्ही पोती सोडायला बसली. मग तिला आठवलं म्हणून तिनं पटका आणून काकांपुढं धरला.

"नगं वहिनी," काका म्हणाले, "मला एकच डोकं हाय."

कोपऱ्यावर वीरप्पाची धान्याची पोती आली. काकांना कारभाऱ्याचा पगार सुरू झाला, पण आता आप्पांनी पोट कसं भरायचं? काकांनी मोडलेल्या भट्टीच्या विटा गाडीत घालून आणल्या आणि आमच्या खोलीच्या पुढच्या अंगाला, रस्त्याकडं तोंड करून नवी भट्टी घालून दिली. तिथं दोन रस्ते मिळत नव्हते, पण आप्पा होते. येणाऱ्या गाडीवानाचं गाव विचारायचं, ओळख खणून काढायची, आणि त्याला बाकड्यावर बसवायचं, यात त्यांचा हात कोण धरणार? ज्या स्वभावानं गाळे बुडायला आले होते त्याच स्वभावावर हाटेल चाललं. भजी आई तळायची आणि गल्ल्यावरही आईच बसायची, तेवढी अक्कल दोघांना आली होती.

महिना भरला त्या दिवशी आप्पा सकाळपासून अस्वस्थ. काका आता कारभारी. ते कसे येतील, काय बोलतील, आपण काय उत्तर द्यायचं, सगळं त्यांनी मनात घोळवून ठेवलं होतं. "बसा कारभारी, च्या घेता?" हे तर त्यांनी दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं.

काका आले ते रोजच्यासारखे आले. बाकड्यावर बसले, चहा प्याले, भज्यांची बशी संपवली, आईच्या हातात चहा-भज्यांचे पैसे ठेवले. खालच्या आळीतल्या म्हशीला रेडकू झाल्याचं सांगितलं. आणि त्याच आवाजात म्हणाले, "कल्याण, किराया दे."

आप्पा थांबले. "कोण मागतंय? कारभारी का मैतर?"

"म्या मागतोय. बल्या."

आप्पांनी दिला. काकांनी तो धोतराच्या सोग्यात बांधला आणि म्हणाले, "आणिक एक च्या टाक."

"येवढं सोपं हुतं व्हय रं?" आप्पा म्हणाले.

"अवघड काय त्याच्यात? तू माझाच हायस. तुला मागायला मला कशाची लाज?"

आई सांगायची, आप्पा तो चहा न टाकताच आत आले आणि पोत्यावर बसले. गेल्या कित्येक वर्षांचं ते झाडाआड जाणं, तो पटका, त्या वर चढवलेल्या भुवया. सगळं त्यांना एकेक करून आठवलं. मग म्हणाले, "आगं, इतकी वर्सं म्या त्याला परका धरून चाललो हुतो गं."

आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर काका चहासाठी ओरडत होते, म्हणून ती उठली आणि तिनं आधण ठेवलं.